पूर्वेकडचा बांध

बागायत जमीन बघायला आलेला माणूस विहिरीत डोकावलासुद्धा नाही, तेव्हाच नागव्वाला खटकलं.

त्याच्याआधी चार गिऱ्हाइकं येऊन गेली होती. सोलापूरहून अक्कलकोट रोडला एमआयडीसी मागं पडली की डाव्या हाताला चिंचहळ्ळीचा फाटा लागतो, आणि फाट्यावरून गावाकडं जाताना डांबरी रस्त्याला लागूनच नागव्वाची तीन एकर. त्या चौघांनीही आल्या आल्या आधी विहीर गाठली होती. एकानं खडा टाकून कान दिला. एकानं मोटार चालू करायला लावली, धार ओंजळीत घेतली आणि पाणी मचूळ आहे का ते चाखून बघितलं. एक तर असा चिवट, की शेजारच्या रानातल्या बाईला बाजूला घेऊन ‘मे महिन्यात खरं पाणी कुठवर उतरतं’ म्हणून विचारून आला. भाव पाडून मागायचे सगळेच. नागव्वाला त्याचं वाईट वाटलं नाही. जमीन घेणारा पाण्यावर संशय घेणारच. तिनंही घेतला असता.

हा इंद्रजीत नावाचा माणूस मात्र पांढऱ्या गाडीतून उतरला, काळा चष्मा डोक्यावर सरकवला आणि म्हणाला, “ऊस छान आहे मावशी.” ते म्हणताना तो कांद्याकडं बघत होता. मग तो एकटाच पूर्वेकडच्या बांधावरून निघाला. रस्त्यापासून थेट मागच्या टोकापर्यंत गेला, तिथं कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला, परत आला. परत आल्यावर बांधापासून आत, कांद्याच्या वाफ्यातून लांब लांब ढांगा टाकत गेला. दहा-अकरा ढांगा. पायाखाली कांद्याची पात मोडली त्याचंही त्याला भान नव्हतं. सगळ्या भेटीत त्यानं एकच प्रश्न विचारला.

“हा बांध पूर्ण तुमच्या हद्दीत येतो, की निम्मा शेजाऱ्यांचा?”

“बांध आमचा हाय,” नागव्वा म्हणाली. “बांधावरचा लिंबबी आमचाच.”

“चांगलं झालं,” तो म्हणाला. आणि तिनं सांगितलेला भाव जसाच्या तसा कबूल केला. “इसाराचं कधी करायचं?”

गिऱ्हाईक घेऊन आलेला महादेवप्पा, म्हणजे नागव्वाचा धाकटा दीर, खुशीत हसला. नागव्वा हसली नाही. “इच्यार करून सांगते,” म्हणाली.

गाडी गेल्यावर महादेवप्पा बांधावर बसला. “वैनी, इच्यार कसला आता? सोन्यासारखं गिऱ्हाईक हाय. घासाघीस न्हाय, कायबी न्हाय.”

“तेच तर.”

“तेच तर मंजे?”

“भावजी, तुमी म्हस घ्यायला गेलाव तर सड बगताव का न्हाय? ह्यानं नुसतं शेपूट बगून म्हस घेतली की.”

महादेवप्पाला हसू आलं. तिला आलं नाही.

जमीन विकायची हे तिनं स्वतःच ठरवलं होतं, कुणी भरीला घातलं नव्हतं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. एकुलती लेक शिवानी लग्न होऊन सोलापुरात, जुळे सोलापूरला. नागव्वाचे दोन्ही गुडघे गेले होते. डॉक्टर ते बदलायला सांगत होता. भांगलायला पूर्वी हाक मारली की दहा बायका यायच्या. आता सकाळी टॉवेलच्या कारखान्याची गाडी फाट्यावर येते आणि गावातल्या सगळ्या बायका शिलाईला निघून जातात. सावलीतलं काम, दर शनिवारी पगार. त्यांना तरी कोण नावं ठेवणार? एकटीनं ऊस, कांदा, मेथी सांभाळायची, आणि लाइट येईल तेव्हा पिकाला पाणी द्यायला दारं धरायची, हे आता होण्यातलं नव्हतं. उतारा तिच्या आणि शिवानीच्या नावावर होता. शिवानी म्हणाली होती, “अव्वा, तुला पटेल तसं कर.” सगळं सरळ होतं.

पण विकायची ठरवलेली गोष्ट एवढ्या सहज विकली जायला लागली, तेव्हा तिला वाटलं, कुठंतरी पाणी मुरतंय.

दोन दिवसांनी ती तलाठ्याकडं गेली. तलाठी तरुण होता, बरा बोलायचा. तिनं विचारलं, आपल्या रानातून मोठा रस्ता बिस्ता जाणार आहे का, सरकारी? त्यानं कॉम्प्युटरमध्ये बघितलं. “तुमच्या गटातून काही जात नाही मावशी. ना रस्ता, ना रेल्वे, ना कालवा. क्लिअर आहे.”

दुसरं कुणी असतं तर निर्धास्त झालं असतं. नागव्वाचा जीव आणखी वरखाली झाला. रस्ता नाही, तर मग काय?

आठवडाभर ती त्याच विचारात होती. रात्री भाकरी खाताना, सकाळी म्हशीचं दूध काढताना, तिला तो बांधावरचा माणूस दिसायचा. आणि त्याच आठवड्यात महादेवप्पा तीन वेळा येऊन गेला. “वैनी, गिऱ्हाईक थांबत नसतंय.” “वैनी, त्येनी दुसरीकडं बगितलं तर?” तिसऱ्या वेळी चहाचा कप त्याच्या हातात देता देता तिच्या तोंडातून निघून गेलं.

“भावजी, खरं सांगा. ह्यात तुमाला काय मिळनार हाय?”

महादेवप्पानं कप खाली ठेवला. नवरा गेल्यापासून बी-बियाणं, कारखान्याची ऊसतोड, मोटार जळाली तर सोलापूरची फेरी, सगळं या माणसानं स्वतःच्या घरचं असल्यासारखं बघितलं होतं. तो उठला. दारात जाऊन म्हणाला, “उद्यापास्नं मी ह्यात न्हाय वैनी. तुमचं तुमी बगा.”

चहा तसाच राहिला. नागव्वाला वाईट वाटलं, पण तिनं हाक मारली नाही. कारण तो जे बोलला त्यात ‘काय मिळनार न्हाय’ हे शब्द नव्हते, एवढंच तिच्या ध्यानात राहिलं.

आता विचारायला कुणी उरलं नव्हतं. मग तिनं गिऱ्हाइकानं जे केलं तेच करायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत काठी टेकत ती पूर्वेकडच्या बांधावरून निघाली. गुडघे दुखायला लागल्यापासून त्या टोकाला ती वर्षभर फिरकली नव्हती. बांध संपतो तिथं मागं शिवप्पाचा माळ. वीस एकर नुसता मुरूम; तिथं कुसळाशिवाय काही उगवत नसे. शिवप्पानं तो दोन वर्षांमागं पुण्याच्या कुणा पार्टीला विकला, आणि असल्या माळाला गिऱ्हाईक भेटलं म्हणून गाव महिनाभर हसत होतं.

माळावर तारेचं कुंपण झालं होतं. बाभळी काढून टाकल्या होत्या. आणि जमिनीत हातभर उंचीचे दगड रोवलेले होते, डोक्याला लाल रंग दिलेले. दगडांच्या ओळी होत्या, ओळींमध्ये चौकोन होते. शेती करणाऱ्या माणसाला आखणी कळते. नागव्वा कुंपणाला धरून बघत राहिली. सगळ्या बारक्या ओळी येऊन एका रुंद पट्ट्याला मिळत होत्या. दोन्ही बाजूंनी दगड असलेला तो पट्टा माळाच्या मधून सरळ आला होता, आणि तिच्या पूर्वेकडच्या बांधाला येऊन थांबला होता.

ती वळली. मागं आपल्या रानाकडं बघितलं. बांध, बांधावरचा लिंब, आणि बांधाच्या त्या टोकाला डांबरी रस्ता.

वीस एकरात प्लॉट पाडले होते, आणि त्या वीस एकराला वाटच नव्हती.

इंद्रजीतला तिनं स्वतः फोन केला. तो अर्ध्या तासात आला. सोलापूरहून अर्ध्या तासात येणं म्हणजे गाडी पळवत आला असणार. तिनं त्याला लिंबाखाली बसवलं, पाणी दिलं.

“मी विकायला तयार हाय,” ती म्हणाली. “फकस्त पूर्वेकडचा हा पट्टा मी ठेवून घेनार. बांधापास्नं आत तीस-चाळीस फूट. तेवढा भाव कमी करा.”

“कशाला मावशी? एवढ्याशा पट्ट्यात काय पिकणार?”

“आमच्यात मानसं रानातच पुरत्यात. मालकाची समाधी हाय.”

“अहो, समाधीला आम्ही हातही लावणार नाही. शब्द देतो. पाहिजे तर बांधून देतो.” त्यानं रुमालानं मान पुसली. “भाव वाढवून देतो मावशी. पण तुकडा नको. घेतली तर सगळी.”

समाधी पश्चिमेच्या कोपऱ्यात होती, विहिरीच्या पलीकडं, कण्हेरीच्या झुडपाखाली. वर चबुतरा नव्हता की दगड नव्हता. ‘पूर्वेच्या पट्ट्यात समाधी’ ऐकून अनोळखी माणसानं आधी विचारलं असतं, नेमकी कुठं? हा विचारत नव्हता.

“मागं माळावर लाल दगड बगून आले मी,” ती म्हणाली.

त्यानं एकदा तिच्याकडं बघितलं आणि आवाज बदलला. मावशी-मावशी करणारा माणूस एकदम धंद्यावर आला. “मग लपवण्यात अर्थ नाही. शेतीला वहिवाटीचा रस्ता तहसीलदार देतात, आठ फुटांचा. प्लॉटिंगला नऊ मीटर, म्हणजे तीस फूट लागतो. तो तुमच्याकडूनच मिळू शकतो. पण राहिलेल्या जमिनीतही आम्हाला प्लॉट पाडायचेत, म्हणून सगळी घेतोय. फसवत नाहीये कुणाला. बघा हवं तर.” त्यानं गाडीतून नळीत गुंडाळलेला कागद आणला आणि बॉनेटवर पसरला.

नागव्वा चौथीपर्यंत शिकलेली. नकाशा तिला हळूहळू उमगला. हा डांबरी रस्ता. हा तिचा पूर्वेचा बांध, त्याच्या जागी रुंद रस्ता. उसाच्या जागी चौकोन, कांद्याच्या जागी चौकोन. विहिरीवर नुसती फुली. आणि पश्चिमेच्या कोपऱ्यात एक लहानसा चौकोन, हिरव्या रेघांचा. त्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘समाधी – बगीचा’.

तिनं त्यावर बोट ठेवलं. “ह्ये कुनी काढलं?”

“आमच्या इंजिनिअरच्या ऑफिसनं.”

“कवा?”

“झालं की, सात-आठ महिने.”

सात-आठ महिन्यांपूर्वी जमीन विकायचा विचार तिनं कुणाला बोलूनही दाखवला नव्हता. फक्त एकदा, गणपतीच्या आधी, लेकीच्या घरी जेवताना म्हणाली होती. जेवायला तिघं होती. ती, शिवानी, आणि सोलापुरात एका इंजिनिअरच्या ऑफिसात नकाशे काढायला असलेला जावई, अमरेश.

त्याच संध्याकाळी ती महादेवप्पाच्या घरी गेली. त्याची बायको सावित्रम्मा दारात ज्वारी निवडत होती. तिनं सूप बाजूला सारून जागा दिली, पण ‘बसा’ म्हणाली नाही. महादेवप्पा आतून आला.

“भावजी, माजं चुकलं,” नागव्वा उभ्यानंच म्हणाली. “पन एक सांगा. इंद्रजीतला तुमच्याकडं कुनी धाडलं?”

महादेवप्पानं मान खाली घातली. “जावयानं. म्हनला, काका, माजं नाव नका सांगू. जावयानं सासूच्या जमिनीत तोंड घातलं असं लोक म्हनतेत. मला पटलं, म्हून गप बसलो.” मग त्यानं मान वर केली. “मला एक कप चाबी मिळनार नव्हता वैनी.”

“आता तरी प्या की बसून,” सावित्रम्मा म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

रविवारी शिवानी आणि अमरेश आले. नागव्वानं आधी जेवू घातलं. जेवण झाल्यावर शिवानी मेथीची जुडी घेऊन निवडायला बसली. अमरेश मोबाइल बघत होता. नागव्वा भिंतीला टेकली आणि कसलीही प्रस्तावना न करता म्हणाली, “जावईबापू, नकाशा चांगला काढलाव तुमी. समाधीबी सोडलाव.”

अमरेशनं मोबाइल पालथा ठेवला. त्याचा चेहरा उतरला, पण तो खोटं बोलला नाही, एवढं त्याचं मानायला पाहिजे. म्हणाला, “अव्वा, तुम्ही विकणारच होता. कुणालातरी विकणारच. मी योग्य गिऱ्हाईक जोडून दिलं. मला दोन प्लॉट देतो म्हणाले. ते काय माझ्या एकट्याचे होते? तुम्हीच येऊन राहिला असता ना तिथं.”

“मग मला का न्हाय सांगितलं?”

“सांगितलं असतं तर तुम्ही भाव वाढवला असता. मग माझे प्लॉट गेले असते.” हे बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. “समाधीची जागा मीच सोडायला लावली, अव्वा. साहेब नको म्हणत होते,” तो घाईनं म्हणाला.

पण नागव्वा त्याच्याकडं बघतच नव्हती. ती लेकीच्या हाताकडं बघत होती. नवऱ्यानं आईला ताकास तूर लागू न देता तिच्या जमिनीचा सौदा जुळवला, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्या बाईचा हात थांबला असता. शिवानीचा हात थांबला नव्हता. ती एकेक काडी उचलत होती, पानं खुडत होती, देठ बाजूला टाकत होती.

नागव्वानं तेव्हा काही विचारलं नाही. विचारायची तिला भीती वाटली.

पुढचं काम तिनं आणि महादेवप्पानं मिळून केलं. सोलापुरात एका वकिलाला गाठलं. इंद्रजीतला सांगितलं, तीन एकर विकायची नाही. पूर्वेचा तीस फुटांचा पट्टा तेवढा देते, रस्त्यासाठी. लिंब तोडायचा असेल तर तोडा, पण रस्त्याला आमच्या रानाकडून दोन ठिकाणी तोंड राहील, आणि खालून पाइपलाइन न्यायची मुभा. हे सगळं खरेदीखतात लिहून पाहिजे. इंद्रजीत आठ दिवस रुसला, ओरडला, दुसरीकडून वाट काढतो म्हणाला. दुसरीकडं ओढा होता. नवव्या दिवशी तो वकिलाकडं आला. पट्ट्याला मिळालेला भाव ऐकून गावानं तोंडात बोट घातलं. शिवप्पाच्या माळाला हसणारेच आता आपापले बांध मोजायला लागले. उरलेलं रान नागव्वानं महादेवप्पाला वाट्यानं लावून दिलं. अमरेशला प्लॉट मिळाले नाहीत. तीन महिने तो सासूच्या दारात आला नाही.

खरेदीखताला शिवानीची सही लागत होती. ती एकटीच आली, रजा काढून. दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात गर्दी होती. कॅमेऱ्यासमोर बसून दोघींनी फोटो काढले, अंगठे दिले. तिथला क्लार्क म्हणाला, “मायलेकी का? चेहरा सेम आहे.”

परत येताना अक्कलकोटच्या एसटीत शेजारी जागा मिळाली. एमआयडीसी आली, रंगवलेल्या सुताचे गठ्ठे घेऊन चाललेला टेम्पो एसटीला आडवा आला, ड्रायव्हर शिव्या देत थांबला. इंजिनाचा आवाज कमी झाला तेव्हा शिवानी खिडकीकडं तोंड करून म्हणाली, “समाधीचं मी सांगितलं होतं.”

नागव्वानं तिच्याकडं वळून बघितलं.

“यांनी नकाशा घरी आणला होता. त्या कोपऱ्यात प्लॉट होता. मी म्हणाले, तिथं अप्पा आहेत, तिथं प्लॉट नको. मग त्यांनी बगीचा केला.” तिचा आवाज बारीक झाला. “मला तेव्हाच तुला सांगायला पाहिजे होतं.”

“का न्हाय सांगितलीस?”

टेम्पो बाजूला झाला, बस हलली. “घर भाड्याचं आहे अव्वा. वाटलं, तुझं काही कमी होत नाहीये. तू मागशील तेवढा भाव मिळतोयच.”

नागव्वानं मान हलवली. राग यायला पाहिजे होता, तो येत नव्हता. लेक खोटं बोलली असती तर एक वेळ भांडता आलं असतं. जे बोलली ते खरं होतं. फाटा आला तेव्हा शिवानीनं तिच्या काखेत हात घालून तिला पायरी उतरवली. नागव्वानं हात काढून घेतला नाही.

पुढं शिवानी येतच राहिली. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा पंधरा दिवस आईपाशी राहिली. उशापायथ्याशी तीच होती. अमरेशही एकदा येऊन, फळं ठेवून, दोन वाक्यं बोलून गेला. माणसं तुटली नाहीत.

श्रावणात एका दुपारी शिवानी एक कागद घेऊन आली. “अव्वा, बँकेचा आहे. खात्याला वारसदाराचं नाव लावायचंय. हितं सही कर.”

नागव्वानं चष्मा लावला, कागद हातात घेतला, उलटा-सुलटा बघितला. अक्षरं बारीक होती. शिवानीनं पेन पुढं केलं.

“थांब,” नागव्वा म्हणाली. “भावजींना वाचून दावते.”

शिवानीच्या हातातलं पेन तसंच राहिलं. मग तिनं ते टोपण लावून खाली ठेवलं. “बरं,” म्हणाली.

महादेवप्पा रानात होता. नागव्वानं फोन करून बोलावलं. तो हातपाय धुऊन आला, ओसरीवर बसला आणि एकेक ओळ बोट ठेवून, ओठ हलवत, वरपासून खालपर्यंत वाचू लागला. बराच वेळ लागला. तेवढा वेळ मायलेकी समोरासमोर बसून होत्या. नागव्वाला वाटत होतं, लेकीनं रागावून उठून जावं, निदान काहीतरी बोलावं. शिवानी उठली नाही. मांडीवर हात ठेवून ती वाट बघत बसली, डॉक्टरच्या दारात नंबर लावून बसतात तशी.

“बराबर हाय वैनी,” अखेर महादेवप्पा म्हणाला. “करा सही.”

नागव्वानं सही केली.